परवान्यावरचा चेहरा

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत दर काही वर्षांनी एक काम हमखास निघते: राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण. नोकरीचे पत्र, घरभाड्याचा करार, बँकेचे उतारे, विम्याचे कागद असे सगळे जमवून होते आणि अर्ज फोटोपाशी अडतो. डोके लहान आले, कानामागे सावली पडली, भिंत पुरेशी फिकट नाही, फोटो जुना आहे, असे काहीही कारण निघते. अर्ज मागे येतो, परवाना संपायची तारीख जवळ येते आणि नोकरी, प्रवास, मुलांची शाळा सगळेच टांगणीला लागते.

हाताशी उत्तम कॅमेऱ्याचा मोबाइल असताना हा फोटो घरीच का काढू नये, असा प्रश्न मग साहजिकच पडतो. काही देश घरचा फोटो बिनतक्रार घेतात, काहींनी अलीकडेच तो घ्यायचे बंद केले, तर काहींनी मधला मार्ग काढला आहे. चेहऱ्याला एवढे महत्त्व कसे आले, कुठे काय चालते आणि जिथे चालते तिथे फोटो नीट कसा काढावा, याचा हा आढावा. मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवणे बरे. घरचा फोटो स्टुडिओतल्या फोटोइतकाच बिनचूक निघू शकतो, पण उजेड, अंतर, पार्श्वभूमी यांची जी काही दुरुस्ती असेल ती फोटो काढण्याआधी व्हायला हवी. एकदा फोटो निघाला की चेहऱ्याला हात लावायचा नाही.

संशयातून आलेली सक्ती

राहण्याच्या परवान्यावर फोटो हवा, ही कल्पना पासपोर्टवरच्या फोटोपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेत १८९२च्या गिअरी कायद्याने चिनी मजुरांना निवासाचा दाखला जवळ बाळगणे सक्तीचे केले आणि १८९३च्या दुरुस्तीने त्या दाखल्यावर फोटोही आला. त्या काळी इतर स्थलांतरितांवर अशी सक्ती नव्हती. एका समाजावरच्या अविश्वासातून हा फोटो जन्माला आला. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये हाच अविश्वास भारतीयांच्या वाट्याला आला तेव्हा फोटोच्या जागी बोटांचे ठसे होते. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये गांधीजींच्या नेतृत्वाखाली भारतीयांनी आपले नोंदणी दाखले जाळले, ते या कागदांमागची वागणूक सहन न झाल्यामुळे.

पासपोर्टवर फोटो आला तो पहिल्या महायुद्धात. कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर एका खऱ्या अमेरिकन माणसाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये वावरला, पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१४मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने आणि १९१५मध्ये ब्रिटनने पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला.

फोटो कसा असावा याचे शास्त्र मात्र पोलिसांनी घडवले. पॅरिस पोलिसांतील आल्फोन्स बर्तियों यांनी १८८०च्या दशकात गुन्हेगारांचे समोरून आणि बाजूने, ठरावीक अंतरावरून फोटो काढण्याची पद्धत बसवली. माणूस ओळखण्यासाठी कानाची ठेवण विशेष उपयोगी, असे त्यांचे मत होते. कानाचा हा मान पुढे फार टिकला. अमेरिकेच्या ग्रीनकार्डासाठी २००४पर्यंत चेहरा तिरपा ठेवून उजवा कान दिसेल असा फोटो लागत असे. ऐंशी-नव्वदच्या दशकात तिकडे गेलेल्यांना कानावरचे केस मागे सारून काढलेला तो फोटो आठवत असेल.

कानाची सद्दी संपली ती यंत्रे चेहरा वाचू लागल्यावर. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, तज्ज्ञांनी २००२मध्ये बर्लिनला झालेल्या बैठकीत चिपच्या पासपोर्टसाठी चेहरा हीच मुख्य ओळख ठरवली. युरोपीय संघाने २००८च्या नियमाने परक्या नागरिकांच्या निवास कार्डातही चेहऱ्याची प्रतिमा आणि दोन बोटांचे ठसे चिपमध्ये घालायचे ठरवले. तेव्हापासून परवान्यावरचा फोटो आधी यंत्र पाहते आणि मग माणूस. आजचे बहुतेक नियम यंत्राला डोळे, नाक, जिवणी आणि हनुवटी स्वच्छ दिसावी यासाठीच आहेत, हे लक्षात घेतले की ते जाचक वाटत नाहीत.

कुठे चालतो, कुठे नाही

घरच्या फोटोला सर्वाधिक वाव ब्रिटनने दिला आहे. तिथली प्लास्टिकची निवास कार्डे २०२४च्या अखेरीस संपली आणि त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली. अनेक अर्जांत मोबाइलच्या ॲपने पासपोर्टची चिप वाचायची आणि तिथेच स्वतःचा चेहरा टिपायचा, अशी सोय आहे. गोव्याशी या पद्धतीचा थेट संबंध आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनसारख्या गावांत स्थायिक झालेल्या गोवेकरांना ब्रेक्झिटनंतर तिथे राहण्याचा हक्क राखण्यासाठी ३० जून २०२१पर्यंत अर्ज करायचा होता. बहुतेकांना तो घरबसल्या मोबाइलवर करता आला. घरी टिपलेला चेहरा निवासाच्या हक्कासाठी पुरेसा मानता येतो, हे या योजनेने मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले.

अमेरिकेच्या व्हिसा अर्जासाठी फोटो घरी काढून अपलोड करता येतो. ग्रीनकार्डावर येणारा चेहरा मात्र साधारणपणे बायोमेट्रिक्सच्या दिवशी सरकारी केंद्रातच टिपला जातो. सिंगापूरही डिजिटल फोटो अपलोड करू देते, पण तो तीन महिन्यांच्या आतला लागतो. भारतात पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथेच काढतात, फक्त चार वर्षांखालील मुलांचा बरोबर न्यावा लागतो. परदेशातल्या भारतीय वकिलातींकडे पासपोर्टचा अर्ज करताना मात्र फोटो आपणच द्यायचा असतो. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड, ज्या मुलांकडे आहे त्यांचे वय वीस होईपर्यंत दर नव्या पासपोर्टानंतर ताजा फोटो ऑनलाइन चढवावा लागतो आणि पन्नाशीनंतर तो आणखी एकदा द्यावा लागतो. हे काम घरी सहज होते.

दुसऱ्या बाजूला कॅनडा आहे. तिथल्या पीआर, म्हणजे कायम निवासाच्या, कार्डासाठी छापील फोटो देताना मागे स्टुडिओचे नाव, पूर्ण पत्ता आणि फोटोची तारीख लागते, म्हणून घरची प्रत बाद ठरते. फ्रान्समध्ये ऑनलाइन निवास अर्जासाठी मान्यताप्राप्त फोटोग्राफर किंवा फोटोच्या बूथकडून २२ अक्षरांचा कोड घ्यावा लागतो. सर्वांत कडक पाऊल जर्मनीने उचलले. १ मे २०२५पासून तिथे पासपोर्ट, ओळखपत्र आणि निवास परवाना या तिन्हींसाठी कागदी फोटोचा काळ संपला. एक तर नोंदणीकृत फोटोग्राफरने काढलेला फोटो सुरक्षित मार्गाने थेट कार्यालयात जातो, नाही तर कार्यालयातल्याच यंत्रासमोर उभे राहायचे. त्याचे सहा युरो पडतात. म्युनिक किंवा स्टुटगार्टमधल्या मराठी कुटुंबाने घरी कितीही चांगला फोटो काढला तरी आता त्याचा उपयोग नाही.

जर्मनीच्या या निर्णयामागे ठोस कारण आहे. दोन माणसांचे चेहरे संगणकावर एकमेकांत मिसळून तिसरा चेहरा तयार करता येतो आणि तो त्या दोघांशीही जुळतो. अशा एकाच पासपोर्टवर दोघेजण विमानतळाच्या यंत्रातून पार होऊ शकतात, हे बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये दाखवले. २०१८मध्ये जर्मनीतल्या कलाकार-कार्यकर्त्यांच्या एका गटाने असा मिश्र चेहरा देऊन खरा जर्मन पासपोर्ट मिळवला आणि ते जाहीरही केले. फोटो अर्जदाराच्या हातातून येतो तोवर ही वाट उघडी राहते. म्हणून जर्मनीने फोटो अर्जदाराच्या हातातूनच काढून घेतला.

एक फोटो, अनेक कातरणी

मापांचा गोंधळ मोठा आहे. अमेरिकेला दोन बाय दोन इंचांचा चौकोन लागतो, ब्रिटन आणि बहुतेक युरोपला ३५ बाय ४५ मिलिमीटर, कॅनडाच्या पीआर कार्डाला ५० बाय ७० मिलिमीटर, तर जपानच्या निवास कार्डाला तीन बाय चार सेंटिमीटर. हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतचे अंतर ब्रिटनच्या छापील फोटोत २९ ते ३४ मिलिमीटर असावे लागते, कॅनडात ३१ ते ३६, अमेरिकेत २५ ते ३५.

घरोघरी होणारी चूक इथलीच आहे. अमेरिकी व्हिसाच्या फोटोत डोके एकूण उंचीच्या ५० ते ६९ टक्के हवे, आणि डिजिटल फोटोत ते केसांसकट मोजतात. सप्टेंबर २०२५पासून परदेशातल्या भारतीय पासपोर्ट अर्जांसाठी लागू झालेल्या सूचनांत ६३० बाय ८१० पिक्सेलचा फोटो आणि त्यात ८० ते ८५ टक्के चेहरा मागितला आहे. म्हणजे अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी काढलेला फोटो तसाच भारतीय पासपोर्टच्या अर्जाला चालणार नाही. पार्श्वभूमीचेही तेच. ओसीआयच्या सूचनांत वर्षानुवर्षे पांढरी सोडून फिकट पार्श्वभूमी मागितली जात होती, तर पासपोर्टला पांढरीच लागते.

यावर सोपा उपाय आहे. मूळ फोटो डोक्याच्या वर आणि दोन्ही खांद्यांच्या बाजूंना भरपूर जागा सोडून काढावा आणि तो जसाच्या तसा जपून ठेवावा. प्रत्येक अर्जासाठी त्यातून वेगळे माप कातरून घ्यावे. कातरणे म्हणजे कडा कमी करणे. त्याने चेहरा बदलत नाही, म्हणून ते चालते. सूचना मात्र अर्जाच्या दिवशी त्या त्या सरकारच्या पानावर पुन्हा वाचाव्यात, कारण त्या बदलत राहतात.

खोलीतली तयारी

पहिली गोष्ट अंतर. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो, त्यामुळे नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. प्लास्टिक सर्जरीच्या एका संशोधनपत्रिकेत २०१८मध्ये आलेल्या अभ्यासात, एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतो, असे गणित मांडले होते. यंत्र चेहरा ओळखते ते याच प्रमाणांवरून. म्हणून फोटो दुसऱ्या कोणाला तरी मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांगावा. अमेरिकी सूचनांत सुमारे चार फूट अंतर सांगितले आहे, दीड मीटर धरले तर अधिक चांगले. एवढ्या लांबून तपशील पुरेल का, ही शंका नको. आयकाओच्या निकषानुसार दोन डोळ्यांच्या मध्यांत किमान ९० पिक्सेल लागतात. आजच्या साध्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यातही दीड मीटरवरून ते मिळतात.

दुसरी गोष्ट उजेड. दिवसा, ऊन थेट आत येत नसेल अशा वेळी, मोठ्या खिडकीकडे तोंड करून उभे राहावे. खिडकी पाठीशी असेल तर चेहरा काळवंडतो, एका बाजूला असेल तर अर्धा चेहरा अंधारात जातो. छतावरचा दिवा डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली सावली पाडतो, पिवळा दिवा खिडकीच्या उजेडात मिसळला की कातडीचा रंग बिघडतो. म्हणून घरातले दिवे बंद करावेत, फ्लॅशही. हनुवटीखाली सावली उरलीच तर पांढरी कार्डशीट छातीच्या उंचीवर, फोटोत येणार नाही अशी आडवी धरावी. खालून हलका उजेड उसळतो आणि सावली जाते.

तिसरी गोष्ट भिंत. भिंतीला टेकून उभे राहिले की डोक्यामागे सावली उमटते, म्हणून भिंतीपासून निदान अर्धा मीटर पुढे यावे. भिंत रंगीत असेल तर पांढरी चादर इस्त्री करून ताणून लावावी. घडीची एक रेघसुद्धा फोटोत दिसते. पांढऱ्यासमोर पांढरा सदरा घालू नये, खांदे विरघळून जातात. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा, म्हणून उंच माणसाचा फोटो ठेंगण्या माणसाने काढताना स्टुलावर उभे राहावे. केस भुवयांवरून मागे घ्यावेत आणि अंबाडा मानेवर, खाली घालावा. ठसठशीत नथ ओठांवर येते, ती काढावी. कुंकू किंवा टिकलीने चेहऱ्याचा कोणताही भाग झाकला जात नाही, पण खड्याची टिकली उजेड परत फेकते, म्हणून साधी लावावी. अमेरिकेच्या फोटोत नोव्हेंबर २०१६पासून चष्मा चालत नाही. इतरत्र चालत असला तरी काचेवर चकाकी येतेच, त्यामुळे तो काढणेच सोयीचे.

उजळ करण्याचा हट्ट

आपल्याकडच्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट साइझ फोटो म्हटला की काय होते, ते सर्वांनी पाहिले आहे. फोटो काढून झाला की स्टुडिओवाला संगणकावर बसतो, गालावरचे डाग पुसतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवतो, रंग दोन छटा उजळ करतो आणि आठ प्रती पाकिटात घालून देतो. ग्राहक खूश होतो. गावाकडून येताना असे फोटो बरोबर आणले जातात आणि परदेशातल्या अर्जाला जोडले जातात. मात्र त्या फोटोतला माणूस खऱ्या माणसापासून थोडा दूर गेलेला असतो, आणि अमेरिका, ब्रिटन, भारत सगळ्यांच्या सूचनांत सॉफ्टवेअरने बदललेला फोटो नको, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तीळ, व्रण, सुरकुत्या ही ओळखीची खूण आहे. ती पुसणे म्हणजे स्वतःच्या ओळखीचा पुरावा कमी करणे.

मोबाइल हेच काम न सांगता करतो. ब्यूटी मोड कातडी गुळगुळीत करतो, पोर्ट्रेट मोड कानांच्या आणि केसांच्या कडा पुसट करतो. हे दोन्ही आधीच बंद करावेत. पार्श्वभूमी काढून पांढरी लावणारी ॲपे केसांची कड कात्रीने कापल्यासारखी करतात, ती टाळावीत. चादर बदलणे ॲपपेक्षा केव्हाही भरवशाचे.

सावळ्या चेहऱ्यांवर इथे दुहेरी अन्याय होतो, आणि त्याबद्दल मराठी वाचकांनी सजग असायला हवे. बीबीसीने २०२०मध्ये ब्रिटनच्या पासपोर्ट फोटो तपासणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेची चाचणी घेतली. गडद वर्णाच्या स्त्रियांचे २२ टक्के फोटो यंत्राने खराब ठरवले, उजळ वर्णाच्या स्त्रियांचे १४ टक्के. पुरुषांत हे प्रमाण १५ आणि ९ टक्के होते. फोटो नियमात असूनही तोंड उघडे आहे, डोळे मिटलेले आहेत, अशी कारणे यंत्र देत होते. हा दोष अर्जदाराचा नाही, यंत्रणेचा आहे, आणि तो यंत्रणेनेच सुधारला पाहिजे. तिथे यंत्राने नाकारलेला फोटोही कारण लिहून पुढे पाठवता येतो. तो पर्याय वापरण्यात संकोच नसावा.

आपल्या हाती एक गोष्ट आहे. समोर बरीच पांढरी भिंत दिसली की मोबाइल आपोआप उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा अधिकच गडद येतो. फोटो काढण्यापूर्वी पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, बाजूला येणारी उजेडाची पट्टी थोडी वर सरकवावी आणि गालाचा रंग आरशात दिसतो तसा आला की फोटो घ्यावा. चेहरा आहे त्या रंगात नीट दिसावा, एवढाच याचा उद्देश.

तान्ही बाळे आणि थकलेली माणसे

बाळाला अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर उताणे निजवून वरून फोटो काढावा, स्वतःची सावली त्याच्यावर पडू देऊ नये. गालावरची तीट आणि डोळ्यांतले काजळ आधी पुसून घ्यावे, नाही तर तीट जन्मखुणेसारखी दिसते. ब्रिटनमध्ये सहा वर्षांखालील मुलांना थेट कॅमेऱ्याकडे पाहण्याची सक्ती नाही आणि एक वर्षाखालील बाळाचे डोळे मिटलेले असले तरी चालतात. आधाराला धरलेला आईचा हात मात्र फोटोत दिसता कामा नये.

आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांसाठी घरचा फोटो फार मोलाचा ठरतो. मुलांकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांना थंडीत स्टुडिओपर्यंत नेणे, तिथे ताठ बसवणे सोपे नसते. घरी खुर्चीत, पाठीशी उशी देऊन, त्यांच्या सोयीच्या वेळी हे काम होते. मान थरथरत असेल तर एकापाठोपाठ अनेक फोटो घ्यावेत आणि स्थिर आलेला निवडावा.

शेवटच्या टप्प्यातली गळती

चांगला फोटोही पाठवताना बिघडतो. नवऱ्याने काढलेला फोटो बायकोला व्हॉट्सॲपवर पाठवला की तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात जातो. आयफोन बहुधा हेइक स्वरूपात फोटो साठवतो, तर अर्जाची पाने जेपेग मागतात. अमेरिकी व्हिसासाठी फाइल ६०० ते १२०० पिक्सेलची, चौकोनी आणि २४० केबीच्या आत लागते. सिंगापूरला ४०० बाय ५१४ पिक्सेल हवे असतात. आधी नीट कातरावे आणि शेवटी फाइल लहान करावी. उलट केले तर चेहऱ्याचा तपशील जातो.

छापताना प्रिंटरला कागदात बसवून घे अशी मुभा देऊ नये. तो माप गुपचूप दोन-चार टक्के बदलतो आणि ३५ मिलिमीटरची चौकट ३४ची होते. चार बाय सहा इंचांच्या कागदावर ३५ बाय ४५च्या आठ प्रती बसतात. एक कापून तिच्यावर पट्टी ठेवावी, हनुवटीपासून डोक्यापर्यंतचे मिलिमीटर मोजावे आणि मगच बाकीच्या कापाव्यात.

दार पुरते बंद नको

मिश्र चेहऱ्यांची भीती खरी आहे, आणि सीमेवरची सुरक्षा ही सामान्य प्रवाशाचीही गरज आहे. तरीही जर्मनीचा मार्ग सर्वांनी घ्यावा, असे वाटत नाही. ब्रिटनच्या ॲपप्रमाणे पासपोर्टच्या चिपमधला चेहरा आणि त्याच क्षणी समोर असलेला जिवंत चेहरा यांची जुळणी केली, तर घरी बसूनही फसवणुकीची वाट बरीच अरुंद करता येते. बाळंतीण, अपंग, शहरापासून दूर राहणारे, रजा न मिळणारे कामगार यांच्यासाठी ही सोय राहिली पाहिजे. जिथे फोटो कार्यालयातच काढायचा असेल तिथे तो विनामूल्य असावा, व्हीलचेअरच्या उंचीवर येणारा कॅमेरा असावा आणि सर्व वर्णांच्या चेहऱ्यांवर तपासलेली यंत्रे असावीत. फोटो नाकारला तर नेमके काय चुकले आणि किती चुकले, हे अर्जदाराला त्याच्या भाषेत कळावे.

आपल्या बाजूनेही एक जबाबदारी येते. घरच्या फोटोवर सरकारांचा विश्वास टिकून आहे तो बहुसंख्य लोक आपला खरा चेहरा पाठवतात म्हणून. ज्या कागदाची सुरुवात एका समाजावरच्या संशयाने झाली, त्यावर आज आपण घरी काढलेला फोटो लावू शकतो, हा छोटा हक्क नाही. तो टिकवायचा तर चेहरा आहे तसा, डागासकट, सुरकुत्यांसकट आणि आपल्या रंगासकट पाठवायला हवा.